वळणावरचा दिवा

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. "हे गेले गं मीनल," एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःख झालं नाही, भीती वाटली. डोक्यात एकच गोष्ट आली... आता वळणावरच्या त्या दिव्याचं काय? सतरा वर्षं ज्यांच्या शेजारी टेबल लावून बसले, ते गेल्याच्या बातमीवर मला एक दिवा आठवावा, याची लाज सात आठवडे झाले तरी वाटते आहे. पण त्या दिव्याला वगळून मोहनदादांवर लिहायला बसले, तर ते लिहिणं खोटं होईल.

मोहन परब पुलांच्या लाइटिंगची आखणी करायचे. पूल बांधून होत आला की त्याची कमान, त्याचे खांब, त्याचा कठडा संध्याकाळी कसा दिसावा, कुठला दिवा किती उंचीवर, कोणत्या दिशेला तोंड करून बसवावा, हे ठरवायचं काम. करी रोडच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत, स्वतः आयटीआय करून वायरमन झालेले. बाकी सगळं पुस्तकं वाचून आणि शिड्या चढून शिकले. फणसवाडीतल्या माझ्या माहेरच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली म्हणजे आमचं ऑफिस. मी इंजिनिअर, नकाशे आणि आकडे माझ्याकडे; नजर त्यांची. मी मुळात घाबरट. शिडी हलली तरी खालून ओरडायची. "जगात भित्री भागूबाई एकच, आणि ती माझ्याच नशिबी," असं ते येईल त्या वायरमनला माझी ओळख करून देताना सांगत.

आपल्याकडचे पूल लोकांच्या खिडक्यांना खेटून जातात, हे परळ-लालबागच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या मजल्यावरची आजी पोळी लाटते आणि चार हातांवरून टेम्पो जातो. त्यामुळे दादांची कामाची एक पद्धतच होती. दिवेलागणीला ते पुलालगतच्या प्रत्येक घरात जाऊन बसत. "रोज बसता तिथेच बसा, घरातला दिवा घालवा, आणि मला सांगा डोळ्यांवर काय येतं ते." मग खाली फोन करून पुलावरचा दिवा लावायला सांगत. त्रास होत असेल तर त्या दिव्याला पत्र्याची झापड बसवायची, बैलाला बांधतात तशी, म्हणजे उजेड पुलावर पडेल आणि खिडकीकडची बाजू झाकलेली राहील. झापडेचं माप काढायला काळं कापड लागे, ते हिंदमात्याच्या एका दुकानातून यायचं. दुकानदाराने पहिल्यांदा विचारलं, "साहेब, ब्लाउजला की परकराला?" दादा म्हणाले, "दिव्याला." पुढची दहा वर्षं तो माणूस त्यांना दिवावाले काकाच म्हणत असे.

नकाशात आमच्या दिव्यांना नंबर असत. दादांच्या लांबट वहीत नावं असत. एका रकान्यात ज्याच्या खिडकीकडे दिव्याचं तोंड आहे त्याचं नाव, शेजारच्या रकान्यात शेरा. 'सावंत आजी, देवापुढे – त्रास नाही.' 'शिंपी, मशीनवर – त्रास नाही.' 'बाळंतीण, तिसरा मजला – झापड लावली, त्रास नाही.' समोरच्याने तोंडाने म्हटल्याशिवाय ते दोन शब्द वहीत उतरत नसत. त्यांचं म्हणणं साधं होतं : उजेड दिसावा, दिवा दिसू नये.

शेवटचा पूल परळ-लालबागच्याच बाजूचा. कुठला ते लिहीत नाही, तिथले लोक ओळखतील. दीड वर्षापूर्वी तिथल्या पहिल्या ट्रायलला आम्ही दोघं कठड्यापाशी उभे होतो. दादा मला म्हणाले, "डावीकडचा लावायला सांग." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. डावीकडचा दिवा लागलेलाच होता. माझी अर्धी साडी त्या उजेडात पांढरीफटक दिसत होती. मला वाटलं, चेष्टा करतायत. मग ते पुन्हा म्हणाले, "अगं, सांग ना." मी हळूच म्हटलं, "दादा, लागलाय तो." त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली आणि दिव्याकडे बघितलं. खाली उतरताना जिन्यावर त्यांनी माझा खांदा धरला, आणि इतकी वर्षं ऑफिसात साफ शहरी मराठी बोलणारा माणूस एकदम घरच्या भाषेत बोलला, "डाव्या बाजूचा माका दिसणा नाय गो."

काचबिंदू. समोरचं नीट दिसायचं, कडांचं गेलं होतं, डावीकडचं जास्त. औषधं चालू होती, पण गेलेलं परत येत नाही. ते फक्त डॉक्टरांना, वहिनींना आणि आता मला माहीत होतं. "एवढा पूल होऊ दे," दादा म्हणाले, "मग मीच सांगेन सगळ्यांना." मी हो म्हटलं. प्रेमापोटी म्हटलं, हे खरं. पण दादांचं नाव गेलं तर आपल्याला कोण विचारणार, हेही तेव्हा मनात आलं होतं, आणि तेही खरं. त्यानंतर मी त्यांना एकटं सोडलं नाही. प्रत्येक खिडकीत, प्रत्येक ट्रायलला शेजारी. रोज संध्याकाळी जीव मुठीत धरून निघायची आणि घरी पोचल्यावर मोजायची, आज कुठे चुकलो नाही ना.

एकच दिवस मी नव्हते. अंगात ताप होता. त्या दिवशी वळणावरच्या फ्लडलाइटचं तोंड ठरवायचं होतं. पूल उतरताना डावीकडे वळतो, तिथे पुलाबाहेर डावीकडच्या खांबावरून कमानीवर उजेड टाकणारा मोठा दिवा. दुसऱ्या दिवशी दादा ऑफिसात आले, टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाले, "झालं. बिनधास्त सही कर." मी विचारलं नाही. मला विचारायचं होतं. पण विचारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना आंधळा म्हणणं... मी सही केली.

आणि पाच महिन्यांनी ते झोपेतच गेले. सगळे म्हणाले, सुखाचं मरण. मी तेराव्याच्या पानावर बसले होते आणि डोक्यात तेच वळण होतं. त्या दिवशी वहिनींनी ती लांबट वही माझ्या हातात दिली. घरी येऊन मी थेट वळणाचं पान काढलं. नावाचा रकाना कोरा होता. वळणावरची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झालेली, तिथे खिडकीत बसणारं कुणी उरलंच नव्हतं. शेऱ्यात मात्र दादांच्या अक्षरात होतं, 'त्रास नाही.' बाकी सगळ्या दिव्यांना कुणाचे ना कुणाचे डोळे मिळाले होते. ह्या एकाला फक्त दादांचे. आणि पूल वाहतुकीला खुला व्हायला दहा दिवस होते.

त्या दहापैकी तीन दिवस मी काहीच केलं नाही. नुसती घाबरत राहिले. डोळे मिटले की एक मोटरसायकल वळणावर येई आणि चालवणारा डोळ्यांवर हात धरी. सांगावं तर मेलेल्या माणसाच्या तीस वर्षांच्या कामावर बोट. उद्या लोक प्रत्येक पुलाखाली उभं राहून म्हणतील, हाही त्या न दिसणाऱ्या माणसाने केला का? न सांगावं तर... चौथ्या दिवशी करी रोडला वहिनींकडे गेले आणि सगळं ओतलं. त्या भाजी निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "माणूस गेल्यावर त्याच्या डोळ्यांची चर्चा कशाला करायची, सांग." मी उठले. चप्पल घालत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब. मीपण येते."

साइट इंजिनिअर कदम यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला भीती होती तोच. "मॅडम, सही झालेला पॉइंट आहे. परत कशाला चेक करायचा?" मी नुसतीच वही उघडली. वहिनीच बोलल्या, "ह्यांना डावीकडचं दिसत नव्हतं. म्हणून." कदमांनी दिवा लावायला सांगितलं आणि स्वतः साइटची जीप काढली. आम्ही दोघी मागे. रिकामा पूल, दिवेलागणीची वेळ. वळण आलं आणि कदमांनी करकचून ब्रेक मारला. "च्यायला... सॉरी वहिनी. काही दिसलंच नाही मला." डोळ्यांपुढे पांढऱ्याखेरीज काही नव्हतं. मी पुढची सीट घट्ट धरून ठेवली होती. शेजारी वहिनी त्या दिव्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून बघत होत्या. त्या हळू म्हणाल्या, "एवढा मोठा... आणि ह्यांना हा दिसला नाही?" मग पदर तोंडाला लावून रडल्या. सात आठवड्यांत मी त्यांना तेव्हाच रडताना पाहिलं.

दिव्याचं तोंड फिरवलं, तरी थोडी तिरीप उरत होती. दादांच्या पिशवीत काळं कापड होतं, त्याने माप काढलं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून झापडेचा नमुना मी स्वतः केला. कात्री घसरली, एक कड वाकडी गेली. वर्कशॉपवाल्याने खरी झापडही तशीच वाकडी कड ठेवून करून दिली. म्हणाला, नमुन्याप्रमाणे आहे. ती बसवल्यावर आम्ही तिघं पुन्हा जीपने पूल उतरलो. वहिनींनी वही मागितली, 'त्रास नाही'वर एक रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात तेच दोन शब्द पुन्हा लिहिले. नावाचा रकाना त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी 'मोहन परब' असं लिहिलं.

हे सगळं छापायला द्यावं का, असं मी वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "लिही. नुसतं गोडगोड लिहिलंस तर ते ह्यांच्यावर झालंच नाही." कदमांनी वर कळवलं आहे. दादांच्या गेल्या दोन वर्षांतल्या दिव्यांकडे मी पुन्हा एकेक करून चालले आहे, वही घेऊन, खिडक्याखिडक्यांतून. आतापर्यंत चूक निघालेली नाही. तरी प्रत्येक दार वाजवण्याआधी मी वहीतलं पान पुन्हा वाचते. सावंत आजींनी दार उघडलं आणि विचारलं, "ते नाही आले?" मी आत जाऊन त्यांच्या देवापुढे बसले.

वाकड्या कडेचा तो नमुना आता फणसवाडीला दादांच्या टेबलावर आहे. पूल सुरू झाला आहे. संध्याकाळी टॅक्सीने त्यावरून जाते तेव्हा वळण जवळ आलं की मी मान पूर्ण डावीकडे वळवून बघते, दादांनी त्या दिवशी वळवली होती तशी. कमानीवर उजेड असतो. दिवा दिसत नाही.