टाळीला येणारे मासे
ओल्या कणकेचा वास आला की मला सासरच्या बारवेतले मासे आठवतात. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं आणि सोनपेठकडच्या त्या गावात मी नवी सून होते. सासरे रोज बारवेच्या पायरीवर बसून टाळी वाजवायचे, आणि मासे कणकेच्या गोळ्यांसाठी त्यांच्या बोटांना येऊन भिडायचे. जो मासा बुजून लांब पळे, त्याला ते उन्हाळ्यात पाणी आटलं की टोपलीनं काढून भोयांना खायला देऊन टाकत. "माजलेलं हाय ह्ये, ह्याचं बेणं नको," म्हणत. त्यांच्या आज्यापासून हेच चालत आलेलं. पुढं बारवेच्या पाण्यातून होणाऱ्या नारूच्या रोगापायी सरकारनं ती बुजवायला घेतली, तेव्हा सासऱ्यांनी घागरी भरभरून मासे बैलगाडीनं गोदावरीवर नेले आणि हात जोडून पाण्यात सोडले. "सुटले बिचारे," म्हणाले. जवळच बाया दगडावर धुणं आपटत होत्या. तो आवाज ऐकून मासे सरळ तिकडंच गेले, आणि लोक त्यांना नुसत्या हातांनी, पदरांनी उचलायला लागले. नदीतले मासे केव्हाच पसार झाले होते. सासरे गुडघाभर पाण्यात धावले आणि "पळा रे, पळा!" असं ओरडत त्यांना हुसकायला जोरजोरानं टाळ्या वाजवू लागले, तर उरलेसुरले मासे वळून त्यांच्याच पायांशी गोळा झाले. परवा माझ्या नातीला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "पोरगी शब्दाबाहेर न्हाई ना?" कणकेचे हात घेऊन मी दारात उभी होते. माझा मुलगा अभिमानानं म्हणाला, "एका हाकेत येती."