सुक्कोथच्या मांडवाला टांगलेलं इंजिन

सुक्कोथ या आमच्या ज्यू सणाच्या मांडवासाठी बाबांनी अंगणात पाण्याचे जुने पाइप जोडून चौकट उभी केली होती. सणाच्या दिवसांत तिच्यावर झावळ्या, बाकी वर्षभर आईचे वाळत घातलेले कपडे. त्या उन्हाळ्यात तिला डिझेल इंजिन टांगलं गेलं आणि माझं डोकंच फिरलं.

बाबा मुंबईत बस डेपोत हेडफिटर होते. इस्रायलमध्ये अश्केलोनला आल्यावर हिब्रू येत नाही म्हणून त्यांच्या हाती संत्र्यांच्या पेट्या आणि खिळे आले. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण घरी आल्यावर स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. ते मला बघवत नसे. शेवटी त्या पेट्यांच्या कारखान्याच्या गराजचा मुकादम थट्टेत म्हणाला, "ती तुझी म्हातारी गाडी गेटपर्यंत चालवत आण, उद्यापासून गराजमध्ये घेतो." बाबांनी ते थट्टेवारी नेलं नाही.

म्हातारी म्हणजे एक जुनी इंग्लिश मोटार. तिचं इंजिन कधीच संपलं होतं आणि सुटे भाग मिळत नव्हते. बाबांनी मोडीत निघालेल्या व्हॅनचं डिझेल इंजिन आणलं, मूळच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड. त्यासाठी पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, गिअरबॉक्सला जोडायची प्लेट कानस मारून घरीच केली. शिवाय नवसाला पावणाऱ्या आमच्या एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, मलिद्याचा नवसही बोलले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी चेनपुलीने इंजिन उचललं. ते कमरेएवढं वर आलं आणि चेन अडकली. ती सोडवता सोडवता सूर्य कलला आणि गावाचा शब्बाथचा भोंगा वाजला; आता शनिवारी रात्र पडेपर्यंत काम बंद. बाबांनी हात पुसले.

"अहो बाबा, निदान खाली तरी उतरवा!" मी ओरडले.

"शब्बाथ लागला, बाय. आता हात लावायचा नाय."

शनिवारी दुपारी मी बाहेर आले तर पाइप दोन बोटं वाकलेला. इंजिन पडलं तर फुटणार, आणि दुसरं आणायची ऐपत नव्हती. आई-बाबा जेवून आडवे झाले होते. मला देवाचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त. शेजारी इमारतीचं काम चालू होतं. तिथून सिमेंटचे पोकळ ब्लॉक एकेक करून आणले, इंजिनाच्या पोटाखाली चळती रचल्या, वर जाड फळी सरकवली. हाताची सालं निघाली. फळी पोटाला टेकली तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसले.

शब्बाथ संपल्यावर बाबा बाहेर आले. ब्लॉक पाहिले, मला पाहिलं. आता माझी धडगत नाही असं वाटलं, कारण शब्बाथ मोडणं आमच्या घरात चालत नसे. ते एवढंच म्हणाले, "चल, चेन धर."

पुढच्याच आठवड्यात गाडी धडधडत गेटपर्यंत गेली. मुकादमाने शब्द पाळला. मलिद्याच्या दिवशी बाबा सगळ्यांना सांगत होते, "इंजिन हनाबीने झेललं." मी पोह्यात गूळ कालवत मनात धुसफुसत होते. ब्लॉक वाहिले मी, आणि नाव हनाबीचं!

पुढे कितीतरी वर्षांनी, बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा, मी त्यांचे पाय चेपत होते. ते अचानक म्हणाले, "तो तिसरा ब्लॉक तू आडवा लावलेला. भोकं बाजूला आली. असा लावला तर भार घेत नाय."

"तुम्ही जागे होतात?"

"पडद्यामागे उभा होतो. तू त्या इंजिनाखाली हात घालत होतीस. बोललो तर दचकशील, मग काय झालं असतं?"

"आणि तो मलिद्याचा नवस? इंजिनाचाच ना?"

"तो आधीचा. पडद्यामागे दुसरा बोललो. म्हटलं, गराज नाय मिळालं तरी चालेल, पेट्याच ठोकेन जन्मभर. पण पोर तिथून उठेपर्यंत ते पडू देऊ नको."