पाठमोरे चाचा

चाचांनी तीस वर्षं रायगडातल्या गावोगावी गायक, निवेदक, नकलाकार, जादूगार स्टेजवर चढवले. पण स्वतः एकही कार्यक्रम पाहिला नाही. हजर मात्र प्रत्येक ठिकाणी असत. पहिल्या रांगेच्या कडेची प्लास्टिकची खुर्ची उचलायची, फिरवायची आणि स्टेजकडे पाठ करून लोकांची तोंडं बघत बसायचं. नवख्या माणसाला वाटे, यांचं आणि गायकाचं भांडण झालंय.

पनवेलला एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. कलाकारांच्या बुकिंगचं काम शिकायला मी तिथे गेले तेव्हा चाचा म्हणाले, "तीन महिन्यांचं ट्रेनिंग. मग तुझा पहिला कलाकार तुझ्या नावावर." त्या तीन महिन्यांचे चौदा झाले, हे आधीच सांगून ठेवते. माझा राग उगाच नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला तळोज्याच्या एका सोसायटीच्या गणपतीत उलटं बसवलं. समोर अडीचशे माणसं आणि त्या सगळ्यांकडे टक लावून बघणारी मी! दुसऱ्या रांगेतल्या एक काकू न राहवून म्हणाल्या, "अगं, गाणं तिकडे चाललंय. मान आखडलीय का तुझी?" दुसऱ्या दिवशी चाचांचा एकच प्रश्न. "पहिली खुर्ची कधी हलली?" कुठल्या गाण्याला पोरं पळायला लागली, कधी लोकांनी मोबाइल काढले, हे सांगता आलं नाही की म्हणायचे, "बेटा, स्टेजवर काय चाललंय ते स्टेजवरच्याला ठाऊक असतं. आपली रोजी समोर बसलेली असते."

दुसरा धडा खारी बिस्किटाचा. मी बाजारात आईच्या बांगड्यांच्या गाड्यावर शाळेत असल्यापासून घासाघीस केलेली. मला बोलायला कोण शिकवणार? "बोलायला नाही," चाचा म्हणाले, "गप्प बसायला शिकवायचंय." म्हणून फोन वाजला की ते माझ्या हातात अख्खी खारी द्यायचे. ती तोंडात कोंबायची, मग फोन उचलायचा. एकदा एका मंडळाचे सेक्रेटरी "बजेट फार कमी आहे हो" म्हणाले आणि मला जोराचा ठसका लागला. तिकडून घाईघाईने आवाज आला, "रागावू नका मॅडम, जेवण आमच्याकडे." मी पुन्हा खोकले. "बरं, गाडीभाडंही देतो." चाचांनी शांतपणे दुसरी खारी पुढे केली. "घे, अजून एक घे."

अशात आपटा गावातल्या एका हळदीत मला रंजना सापडली. तळोज्याच्या कारखान्यात कँटीनला पोळ्या लाटायची आणि सुट्टीच्या दिवशी हळदीला गायची. आवाज असा, की मी तिथल्या तिथे तिला कार्यक्रम लावून देण्याचा शब्द देऊन बसले. चारच दिवसांनी ती ऑफिसात हजर! "ताई, नोकरी सोडली मी. घरात आता कमावनारं कोन नाय. तुमी सांगाल तसं." चाचांना म्हटलं, हीच माझी पहिली कलाकार.

"पहिली खुर्ची कधी हलली?"

"माहीत नाही. मी तिच्याकडे बघत होते."

"म्हणजे प्रेक्षक म्हणून गेलीस. एजंट कुठे होता?"

मग मी भडकले. "चौदा महिने मान मोडून घेतली तुमच्याकडे! एक कलाकार माझ्या नावावर देता येत नाही?" चाचांनी एक खारी उचलली आणि स्वतःच्या तोंडात घातली. ते गप्प बसत गेले तशी मी चढत गेले. "मी लावते तिचा कार्यक्रम! माझ्या जबाबदारीवर! उद्यापासून येणार नाही मी!" जिना उतरल्यावर ध्यानात आलं, की समोरच्याने एक शब्द न बोलता माझ्याकडून हे सगळं वदवून घेतलं होतं.

तळोज्याच्या त्याच सोसायटीच्या हळदीकुंकवात मी रंजनाला उभं केलं. अध्यक्षबाईंची अट होती. "पंधरा मिनिटांत बायका उठायला लागल्या तर आम्ही सरळ पैठणीचा खेळ सुरू करू हं." पैठणी स्टेजवर मांडूनच ठेवली होती. रंजनाला फक्त "घाबरू नकोस" म्हटलं, खुर्ची फिरवली आणि बसले. तिची गेलेली नोकरी माझ्या पाठीमागे गात होती.

पहिली खुर्ची सोळाव्या मिनिटाला हलली. एका आजींनी ती उचलून दोन हात पुढे, स्टेजजवळ आणून मांडली आणि पुन्हा बसल्या. तिच्या रिकाम्या जागेतून मागची रांग दिसली. तिथे चाचा बसले होते. खुर्ची सरळ! चहाचा कप हातात तसाच, तोंड किंचित उघडं, नजर स्टेजवर. पैठणीचा खेळ त्या दिवशी झालाच नाही. अध्यक्षबाईंनी रंजनाला पुढच्या गणपतीचं तिथेच सांगून टाकलं.

फाटकापाशी चाचांना गाठलं. "तुम्ही स्टेजकडे बघत होतात!"

"मी आज कामावर नव्हतो," ते म्हणाले आणि रिक्षा थांबवली. छान झालं, चुकलो, काहीही नाही. रिक्षात बसताना एवढंच, "मान शेकून घे."

चाचा जाऊन दोन वर्षं झाली. रंजना आता वर्षभर बुक असते. ती कशी गाते हे सगळा जिल्हा जाणतो. मी तिला समोर बसून ऐकलं ते फक्त त्या आपट्याच्या हळदीत. माझ्या पहिल्या कलाकाराचा पहिला कार्यक्रम त्या माणसाने डोळे भरून पाहिला आणि मी अडीचशे बायकांची तोंडं बघत बसले. हे मी त्यांना माफ केलेलं नाही.

गेल्या महिन्यात ठरवून खुर्ची सरळ ठेवली. रंजनाने आलाप घेतला, दोनच मिनिटांत मागे कुठेतरी एक खुर्ची करकरली आणि माझी मान आपोआप वळली. उठले, खुर्ची फिरवली, बसले. मला सुट्टी देऊ शकणारा एकच माणूस होता.