लख्ख बाटल्या

आमची ही चिखल तपासते. लोकांच्या बायका बँकेत असतात, शाळेत असतात. ही नदी समुद्राला मिळते तिथं गुडघाभर गाळात. विचारलं तर म्हणते, "अहो, शेतातलं खत नदीत उतरतं ना, ते या बारीक गाळाला चिकटून बसतं. खारं पाणी लागलं की त्यातलं थोडं सुटतं. किती सुटतं, तेवढंच मी बघते." तेवढंच! त्यापायी बुटांच्या वासानं घर डोक्यावर घेतलंय. पण सांगताना ती अशी खुलते, की मीच ते बूट धुवायला घेतो.

तपासणी तशी सोपी. पाण्यात औषध टाकायचं. खत असेल तर पाणी निळं होतं. सोबत एका बाटलीत नुसतं शुद्ध पाणी ठेवायचं. ते निळं झालं, तर बाटल्यांतच खोट; मग सगळंच मुसळ केरात.

पहाटेची ओहोटी गाठायची म्हणून परवा तिनं रिकाम्या बाटल्या घरी आणून ठेवल्या. आईला सुनेची माया आली. पोर दमते, म्हणून तिनं बाटल्या साबणाच्या पावडरीनं घासून अगदी लख्ख केल्या. आता झाली का पंचाईत! त्या पावडरीतही खतातलंच फॉस्फेट असतं आणि ते काचेलाही चिकटतं. प्रयोगशाळेत शुद्ध पाणीच निळंशार झालं.

ही घरी येऊन हसत हसत सांगत होती, पण माझं डोकं फिरलं. "आई, कुणी सांगितले होते नसते उपद्व्याप?"

"अहो, गप्प बसा! आई, उद्या पुन्हा ओहोटी आहेच की."

पण आईनं मनाला लावून घेतलं. माझ्यापायी पोरीची नोकरी जाणार, एवढंच तिचं पालुपद. रात्री जेवली नाही. सकाळी चहासुद्धा नको म्हणाली. माझंच तोंड जरा आवरलं असतं तर! मी दोनदा समजूत काढायला गेलो, दोन्ही वेळा तिनं पाठ फिरवली.

आज दुपारी फोन वाजला. आईनं तो माझ्या हातातून हिसकावूनच घेतला.

"आई, सगळे नमुने नव्या बाटल्यांत पुन्हा घेतले. शुद्ध पाणी अजिबात निळं झालं नाही!"

आईनं पदरानं डोळे पुसले. "मग तिथं काय करत बसलीस? ये लवकर, ताटं घेते. दोघी बसू."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू घे तुझं तुझं वाढून."