गोदाबाईचा शब्द आणि लोणच्याची बरणी

लोधीपुऱ्यात कुणाच्या घरी काही बुरसलं की आधी गोदाबाईला बोलावणं जाई. डॉक्टर नंतर, गोदाबाई आधी. ती पदर खोचून यायची, नाक पुढं करायची आणि निकाल द्यायची. शिळ्या भाकरीवरची कापसासारखी पांढरी, लिंबावरची नि पावसाळी चपलांवरची हिरवी, मोरीच्या भिंतीवरची ठिपक्याठिपक्यांची काळी, सगळ्या बुरश्यांशी तिची जुनी ओळख. शेजारच्या मालूबाईनं एकदा भिंतीला पांढरी बुरशी आली म्हणून गल्ली डोक्यावर घेतली होती. गोदाबाईनं तिथं पाण्याचं बोट फिरवलं, पांढरं विरघळून गेलं. “लोणा आहे हा. भिंतीला मीठ फुटतं. बुरशी अशी पाण्यानं जात नाही, बाई!” मालूबाई ओशाळली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी दाखवायला आली.

ते साल राज्यं मोडून नवी जोडण्याचं. नागपूरचं राज्य सुटणार, भोपाळचं येणार, का आपण मुंबईत जाणार, यावर पुरुषमंडळी ओट्यावर बसून घसे कोरडे करत. गोदाबाई म्हणे, “कोन्याही राज्यात टाका, भादव्यात पापडाला बुरशी येणारच.”

त्या वर्षी तिच्या घरात सून आली होती, मालती. मुलगा लीलाधर नेपानगरच्या कारखान्यात, रविवारी घरी. सासू-सुनेचं बरं जमे. गल्लीची रीत अशी, की नव्या सुनेनं उन्हाळ्यात घातलेलं पहिलं लोणचं भादव्यात सगळ्या बायांसमोर उघडायचं. चांगलं निघालं तर तिचा हात लोणच्याला लागतो. बुरसलं तर हात लागत नाही, आणि मग जन्मभर तिला बरणीला शिवू देत नाहीत. गल्लीतल्या भागाबाईची सून अजून दुसऱ्यांच्या घरून लोणचं मागून आणत होती.

बाया वाट्या घेऊन जमल्या. मालतीनं बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला. गोदाबाईनं बरणी दाराच्या उजेडात तिरपी केली, आत पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

“आली,” ती म्हणाली. “पांढरी.”

मालूबाईनं डोकावून पाहिलं. गोदाबाईनं म्हटल्यावर दिसायलाच हवी. “हो बाई, आहे खरी जराशी,” ती म्हणाली. मग भागाबाईलाही दिसली, मग सगळ्यांनाच दिसली. वाट्या रिकाम्याच परत गेल्या. मालती खाली मान घालून उभी राहिली.

दुपारी गोदाबाईला चैन पडेना. पोरीनं कैऱ्या पुसूनपुसून कोरड्या केल्या होत्या, तेल वर बोटभर होतं. मग आली कुठून? ती बरणीपाशी बसली, नाक लावलं. मोहरी, हिंग, मेथी. कुबट वास तर नाहीच! फोड तोंडात टाकली, करकरीत. पुन्हा आत पाहिलं तर पांढरं होतंच. तिनं दादऱ्याच्या फडक्याकडं पाहिलं, त्यावरही पांढरं. पितळी ताटावर, चुलीवर. शेवटी आपला तळहात डोळ्यांसमोर धरला, तर त्यावरही तसाच पातळ पांढरा थर. पदरानं खसखसून पुसला. गेला नाही.

महिन्याभरापासून सकाळचं धुकं फार पडतं असं ती म्हणत होती. आता ती घाबरली, अगदी लहान पोरीसारखी घाबरली. डोळे गेले तर लोधीपुऱ्यात तिला विचारणार कोण? गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. बरणी नालीत जाईल आणि मालतीच्या हाताला बोल राहील, एवढंच.

तेवढ्यात मालती आली आणि बरणी उचलून परसात निघाली.

“काय करू राह्यली?”

“टाकून देते, आत्याबाई.”

“तुला दिसली ती बुरशी?”

मालतीनं बरणी पोटाशी धरली.

“खरं सांग.”

“नाही दिसली. लोणचं एकदम अच्छं आहे.”

“मग तेव्हाच का नाही बोलली तू?”

“सगळ्यांसमोर तुमी ‘आली’ म्हटलं होतं ना,” मालती हळूच म्हणाली. “माझं काय, मी मागून आणीन.”

गोदाबाईला भडभडून आलं. तिनं सुनेच्या हातून बरणी काढून घेतली आणि भिंतीला हात लावत लावत ओट्यावर गेली. राज्याचा वाद घालणारे पुरुष थांबले.

“ए मालूबाई! वाट्या घेऊन या गं सगळ्या!” ती ओरडली. “माझ्या सुनेचं लोणचं चांगलं आहे. मलाच दिसत नाही.”