हरिकृष्णाचे निळे मोजे

दिव्याभोवती नाचावं तर आमच्या तंजावरकडच्या मेलकावेरी गावच्या हरिकृष्णानं. एरवी झेरॉक्सच्या दुकानात बसून पोट वाढवायचा. पण भजनात समई मधोमध ठेवली, कंबरेला उपरणं आवळलं, की गडी अनवाणी असा घुमायचा की बायका पुढचं पद विसरायच्या. कोण कोण विसरली, ते त्याच्या मीनाक्षीबाईला विचारावं. तिला नावं पाठ होती.

गेल्या गोकुळाष्टमीला मात्र धाप लागून तो खांबाला टेकला. चुलतभाऊ राजगोपालाच्या जिभेला हाड नाही. सगळ्यांदेखत म्हणाला, "पुढल्या वर्षी तू मधे बैस बा. दिवा तू, फिरणारे आम्ही!"

ते झोंबलं. हरिकृष्ण जिममध्ये जाऊ लागला. तिथं सेतू नावाचा पोरगेला मास्तर. उड्या, धाव, परत उड्या, दम खायला उसंत नाही, असला व्यायाम. जन्मात मोजा न घातलेल्या या माणसाला त्यानं आधी मोजेच समजावले.

"सुती नको सार, घाम धरून ठेवतात, कातडं सोलतं. बोटांवर जाड शिवण नको. शुगर आहे का?"

"छे!"

"मग रंग कुठलाही घ्या. शुगरवाल्यांना मी पांढरेच सांगतो, रक्त आलं तर दिसतं."

शुगर होती हो, जुनी! पण कबूल केलं तर उड्या बंद, नि उड्या बंद तर यंदा दिव्याभोवतीचा नाच राजगोपालाचा. तिरुनागेश्वरमच्या देवळात भर दुपारी तापल्या फरशीवर आम्ही बेडकासारखे उडायचो आणि हा सावकाश प्रदक्षिणा घालायचा. आम्ही म्हणायचो पुण्याई. तळवे मेले होते त्याचे.

त्यानं गणवेशाच्या दुकानातून शाळकरी पोरांचे मोजे आणले. सुती, गडद निळे. "मळ दिसत नाही," म्हणाला. खरंच दिसला नाही.

घरी मीनाक्षीबाई दारातच आडवी. "अहो, ते घामट मोजे मला घरात नकोत. सोवळं आहे माझं."

तेव्हा मोजे मागच्या अंगणात बादलीत पडायचे. हाच काठीनं ढवळून दोरीवर टाकायचा. ती त्यांना शिवत नव्हती. आणि याला पोटाआड स्वतःचा तळवा दिसत नव्हता.

एके सकाळी पूजेला बसल्या बसल्या तिला वास आला. उंदीर मेला असेल म्हणून तिनं अंगण धुंडाळलं, न्हाणी धुंडाळली. वास तिच्यामागून परत माजघरात आला. नवरा पाय पसरून पेपर वाचत होता.

"दुखत नाही गे," तो म्हणाला. "जरासुद्धा नाही."

तंजावरच्या डॉक्टरांनी आधी दोन बोटं काढली. मग अर्धं पाऊल.

यंदाच्या अष्टमीला त्याला खुर्चीतून आणलं. मंडप पडला चिंचोळा; भिंतीशी खुर्ची ठेवली तर नाचणाऱ्यांना वाट उरेना. शेवटी राजगोपालानंच ती उचलून समईशेजारी मधोमध ठेवली. मंडपात मोजा आला म्हणून कुणी कुरकुरलं नाही. पांढराशुभ्र होता. मीनाक्षीबाईनं अंघोळ करून, सोवळ्यानंच तो त्याच्या पायावर चढवला होता.

टाळ सुरू झाले. सगळे त्याच्याभोवती फिरू लागले. तो मान खाली घालून टाळ्या देत राहिला. मीनाक्षीबाईनं त्या दिवशी दिवा पाहिला नाही, नाच पाहिला नाही. ती आरतीपर्यंत त्या पांढऱ्या मोज्यावर लाल शोधत बसली होती.