गुळाच्या रंगावर हरकत

सरकारी नोटीस कुणी वाचू नये म्हणूनच लिहिलेली असते, असं माझं जुनं मत आहे. कोडोलीच्या बाजूला आमच्या गावात ती चावडीच्या फळ्यावर लागायची, तीही ऐन गळिताच्या हंगामात, जेव्हा गुऱ्हाळवाला माणूस चुलवाणाच्या जाळापासून हलत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अशीच एक लागली. गुळाच्या प्रतवारीचे नवे नियम यायचे होते आणि त्यावर जनतेच्या हरकती व सूचना मागवल्या होत्या. मी तेव्हा कोल्हापुरात शिवाजी पेठेत शाळामास्तरीण होते. रविवारी गावी आल्यावर वडिलांना ती वाचून दाखवली. एकेका वाक्यात मध्येच थांबून दम घ्यावा लागला.

अर्थ एवढाच होता की पिवळाधमक गूळ पहिल्या नंबरचा आणि काळपट शेवटच्या नंबरचा. चवीबद्दल अवाक्षर नाही. गूळ खायचा असतो ही बातमी त्या कार्यालयापर्यंत अजून पोचली नसावी.

वडिलांचा गूळ गडद तांबूस व्हायचा. उकळत्या रसातली मळी ते रानभेंडीच्या चिकट पाण्यानं काढत. रंग उजळणारी पांढरी पावडर त्यांनी रस आटवायच्या आपल्या काहिलीत कधी पडू दिली नव्हती. हा नियम झाला तर सौद्यात त्यांच्या गुळाकडे कुणी ढुंकून बघणार नव्हतं. पावडर टाका, नाहीतर गुऱ्हाळ बंद करा, एवढंच उरत होतं.

"आबा, हरकत लिहून देऊया," मी म्हटलं.

"लिवून काय चव कळती व्हय? एक ढेप घिऊन जाऊ. खाऊन बघू देत की."

आमच्याकडे रीतच तशी. गूळ चाखून माणसानं मान डोलावली की त्यानं शब्द दिला असं धरतात. मग व्यापारीसुद्धा मागं फिरत नाही. साहेबही माणूसच, असं वडिलांनी गृहीत धरलं. मी हरकतीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला आणि आम्ही दोघं एसटीनं कोल्हापूरला गेलो.

कार्यालयात साहेबांनी ढेप फोडायला लावली. खडा तोंडात टाकून त्यांनी डोळेच मिटले. "वा मामा, असा गूळ आता मिळत नाही!" त्यांनी मान डोलावली, बाकीच्यांना हाका मारल्या. कारकून आले, शिपाई चहा घेऊन आला, शेजारच्या खात्यातलेही आले. मान न डोलावलेला एकही जण तिथं नव्हता. मी अर्ज काढला, तर वडिलांनी माझा हात दाबला.

बाहेर आल्यावर मी चिडलेच. ते म्हणाले, "त्यानं मान हालवली न्हवं? आता कागद दिला तर त्येच्या शब्दावर भरवसा न्हाई असं व्हतंय. बरं दिसत न्हाई त्ये."

घरी जाईपर्यंत ते खुशीत होते.

काही महिन्यांनी दुसरी नोटीस लागली. दिलेल्या मुदतीत एकही हरकत प्राप्त न झाल्यानं नियम आहे तसे कायम करण्यात येत होते. हरकत प्राप्त झाली होती हो. ती चहाबरोबर संपली होती! या लोकांना जनतेचं मत हवं असतं, पण ते कागदावरच हवं असतं, आणि कागदावर आलं की त्याची फाईल होते. मला आजही त्यांचा संताप येतो.

पुढच्या हंगामात वडिलांनी काहिलीत पावडर टाकली. भर हंगामात एक दिवस मी गुऱ्हाळावर असताना त्याच कार्यालयाची जीप आली. साहेबांना घरी न्यायला गूळ हवा होता. वडिलांनी पिवळाधमक खडा पुढं केला. साहेबांनी तो चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"हा नको हो मामा. तो गेल्या साली आणला होता तसला द्या की, काळा."

"त्यो शेवटच्या नंबरचा हाय सायेब," वडील म्हणाले. "तुमास्नी कसा देऊ?"

मी खदखदून हसले. वडील हसले नाहीत. साहेबांनी टाकून दिलेला तुकडा त्यांनी उचलला, पुसला आणि बैलाला दिला. पावडर टाकायला लागल्यापासून ते स्वतः आपला गूळ खात नव्हते.